स्टीलची सायकल आणि मलबार हिलचा उतार

इरा आणि नील, मी नवी सायकल घेतल्याचं सांगितलं तेव्हा फोनवर तुम्ही दोघांनी एकच प्रश्न विचारला होता: "आजी, माउंटन बाइक घेतलीस, पण दादरला माउंटन कुठाय?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण ते मलाही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. गेल्या शनिवारी त्या सायकलवरून गिरगावला गेले आणि रविवारी परत आले. तुम्ही उट्रेक्टला रोज सायकलने शाळेत जाता, तेव्हा दादर ते गिरगाव हा काही तुम्हाला प्रवास वाटणार नाही. इथे तो प्रवासच आहे, म्हणून क्रमाने लिहिते. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा.

आधी सायकलबद्दल, कारण ती तुम्ही फक्त फोटोत पाहिली आहे. रंग गडद हिरवा, आमच्या शाळेतल्या फळ्याच्या कडेला असायचा तसा. टायर चांगले रुंद. मला माउंटन बाइकच का हवी होती, तर आमच्या रस्त्यांमुळे. पेव्हर ब्लॉक, खड्डे, गटारांची झाकणं आणि कुणीतरी आपल्या मनाने घातलेले गतिरोधक यांवरून जायचं तर डोंगरात चालणारीच सायकल हवी. दुकानात अॅल्युमिनियमच्या पुष्कळ होत्या, वजनाला हलक्या. मी बाजारात माठ घेताना करते तेच तिथे केलं. एकेका सायकलच्या दांडीवर बांगडी वाजवून पाहिली. अॅल्युमिनियम ठक्क करून गप्प बसलं. ही स्टीलची मात्र टण्ण वाजली आणि तो आवाज थोडा वेळ टिकला. विक्रेता हसला, म्हणाला, "मॅडम, असं चेक करणाऱ्या तुम्ही पहिल्याच." मी ती घेतली. स्टील दणके थोडे स्वतःत जिरवतं असं मी वाचलं होतं, आणि माझ्या मनगटांना ते दुसऱ्याच दिवशी पटलं. ब्रेक हल्लीच्या पद्धतीचे आहेत: चाकाच्या मध्याशी एक पातळ स्टीलची चकती असते, आणि ब्रेक दाबला की दोन छोटे पॅड ती चकती दोन्ही बाजूंनी धरतात.

मला सायकल नवी नाही. सांगलीला कॉलेजात मी सायकलनेच जात होते. पण लग्न होऊन मुंबईला आल्यावर सुटली ती सुटलीच. आता वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा सुरू केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मी सकाळी गजर व्हायच्या आधी जागी होते. चहाच्या आधी खाली जाऊन एकदा तिच्याकडे बघून येते. हे मी आजोबांना सांगितलं नाही.

कारण आजोबांना सायकल मुळीच पसंत नव्हती. महिनाभर ते तिच्या बाजूने असे जात-येत होते, जसं दुसऱ्या कुणाचं सामान जिन्यात ठेवलेलं असावं. हात लावला नाही. मी गिरगावचं काढलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला.

"जा," ते म्हणाले. "पण ठरवून जा."

"काय ठरवायचं?"

"पडलीस तर सायकल विकायची. मग वकिली करायची नाही."

"आणि नाही पडले तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

तुमच्या बाबाला फोन केला, तर तोही म्हणाला, "आई, डील फेअर आहे." मी कबूल केलं. तुमच्यापैकी एकाला तरी मी विचारायला हवं होतं.

शनिवार: दादर ते लालबाग

निमित्त होतं देवदिवाळीचं. आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्या लीलाआजींकडे, देवदिवाळीनंतरच्या शनिवारी सगळे जेवायला जमतात. आजोबा टॅक्सीने कपड्यांची पिशवी घेऊन येणार होते आणि मी सायकलने. रात्री तिथेच राहायचं आणि रविवारी परतायचं.

हिंदू कॉलनीतून बाहेर पडून आंबेडकर रोडला लागलं की रस्ता सरळ आहे, चुकायला जागा नाही. तुमच्याकडे सायकलवाल्यांना लाल रंगाचा वेगळा रस्ता असतो. इथे आम्हाला डावीकडची कड मिळते, आणि त्या कडेवर बस, उभे टेम्पो, हातगाड्या आणि काकडीवाले यांचा आमच्याआधीचा हक्क असतो. पण एक गोष्ट इथे आहे जी तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे सायकलवरच्या आजीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. इथे प्रत्येक सिग्नलला माझी चौकशी झाली.

हिंदमात्याला लाल दिवा लागला म्हणून मी थांबले. चौकातले पोलीस जवळ आले.

"आजी, थांबलात?"

"लाल आहे ना?"

"आहे हो. पण सायकलवाला थांबलेला मी आज पहिल्यांदा बघतोय." मग हेल्मेटकडे पाहून म्हणाले, "माझ्या आईला पण सांगतो. ती स्कूटर चालवते, हेल्मेट डिकीत ठेवते."

परळला पुलाखालच्या सावलीत मी पाणी प्यायला थांबले. शेजारी एक पाववाले होते, काळ्या जुन्या सायकलच्या मागे पावांची भलीमोठी पेटी बांधलेली. त्यांनी माझी सायकल पुढून, मागून आणि खाली वाकून पाहिली.

"कॅरियर नाय?"

"नाही."

"स्टँड पण नाय? मग घेतली कशाला?"

"चालवायला."

ते यावर बराच वेळ हसले. मग दांडीवर बोटाने टिचकी मारली आणि मान डोलावली. म्हणाले, "लोखंड मात्र असली आहे." मला एवढा आनंद झाला की मी त्यांच्याकडून पाव घेतले, आणि ते ठेवायला जागा नसल्यामुळे पुढचा सगळा प्रवास पाठीवरच्या पिशवीत चेपले गेले.

लालबागला मसाल्याच्या दुकानांपाशी उतरून चालत गेले, कारण लीलाआजींनी तिथला चिवडा सांगितला होता. मिरची कुटण्याचे दिवस नव्हते, तरी त्या गल्लीत शिंका आल्याशिवाय राहत नाहीत. दुकानदाराने चिवड्याची पुडी बांधता बांधता विचारलं, "मावशी, मुलगा नाही का सोडत गाडीने?" मी म्हटलं, मुलगा हॉलंडला आहे. "अरेरे," तो म्हणाला. मी त्याला समजावलं की तिकडे मुलगाही सायकलनेच ऑफिसला जातो. त्याला ते खरं वाटलं नाही. त्याने चिवड्यात दोन मुठी जास्त घातल्या.

गिरगाव

भायखळ्याच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो आणि खेतवाडीत शिरलं की माणसांच्या गतीनेच जावं लागतं. दुपार व्हायच्या आत मी लीलाआजींच्या चाळीखाली उभी होते. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. शेजारच्या सावंतांनी सायकल खांद्यावर घेतली आणि जिना चढत म्हणाले, "काकू, सिलिंडरपेक्षा हलकी आहे हो." सायकल गॅलरीत कठड्याला टेकवून ठेवली, आणि चाळीतली माणसं एकेक करून बघायला आली.

लीलाआजींचं वय ऐंशीच्या घरात आहे, पण आवाज अजून खालच्या मजल्यापर्यंत जातो. त्या घरात मालवणीच बोलतात. आजोबा टॅक्सीतून उतरून वर आले तसा त्यांनी आमच्या दोघांचा एकदमच समाचार घेतला.

"काय गो, पडलंस तर कोण उचलतलो तुका? हो?" हे आजोबांकडे हात करून. "ह्येका सोताचो रुमाल उचलूक जमणा नाय."

"मी तेच सांगत होतो," आजोबा म्हणाले.

"तू गप रव." मग माझ्याकडे वळून, "काय म्हणतत ह्या सायकलीक?"

"माउंटन बाइक. डोंगरात चालवायची."

"मगे डोंगरार ने ना. गिरगावात कशाक आणलंस?"

सगळे हसले. मला मात्र तुमचा प्रश्न आठवला. आणि मग हेही आठवलं की इथून चौपाटी पाच मिनिटांवर आहे आणि चौपाटीच्या टोकाला मलबार हिल आहे. लहान असेल, पण डोंगर आहे. सकाळी परत जाताना तिथून जायचं, असं मी जेवताना ठरवून टाकलं.

जेवण सांगते. घावन आणि घाटलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे. घाटलं म्हणजे नारळाच्या दुधातली गुळाची दाटसर खीर. सांगलीची मी, मला पहिली काही वर्षं ह्या घरातला नारळ सोसला नव्हता. आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट असायचं, इथे प्रत्येक गोष्टीत खोबरं. आता मी दोनदा घाटलं मागून घेते.

रविवार: मलबार हिल

सकाळी उठून गॅलरीत गेले तर सायकल चकाकत होती. धूळ तर नव्हतीच, पण हिरवा रंगही दुकानात होता त्याहून खोल दिसत होता.

"भावान पुसल्यान ती," लीलाआजी म्हणाल्या. "फाटफटी, काळोखात उठलो नि माझ्याकडे फडको मागूक लागलो."

आजोबा आत चहा पीत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. "धूळ होती," एवढंच म्हणाले. महिन्याभरात त्यांनी सायकलला पहिल्यांदा हात लावला होता. जिना उतरताना मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

चौपाटीवर गर्दी व्हायची होती. ब्रेक दाबला तेव्हा किंचित चीं असा आवाज आला आणि चाक थोडं पुढे जाऊन थांबलं. रात्रीचं दव असेल, असं मला वाटलं. वाळकेश्वरच्या बाजूने चढ सुरू झाला. सर्वांत हलका गिअर टाकला आणि पायांना म्हटलं, घाई नाही. एक गृहस्थ मला चालत मागे टाकून गेले, आणि त्यांना ते बरं वाटलेलं दिसलं. पण मी उतरले नाही. वळणं, झाडं, मोठ्या बंगल्यांचे रखवालदार, कुत्र्यांना फिरवणारे नोकर, सगळे सावकाश मागे गेले. वर बागेपाशी पोचले तेव्हा खाली चौपाटीची कमान पूर्ण दिसत होती आणि समुद्र अजून राखाडी होता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी तिथे उभी राहून मोठ्याने दिलं. बाकावरच्या एका बाईंनी वळून पाहिलं.

मग केम्प्स कॉर्नरच्या बाजूने उतरायला लागले.

उतार लांब आहे आणि मध्ये वळण आहे. वेग वाढला तसा मी दोन्ही ब्रेक दाबले. लांब किंकाळीसारखा आवाज आला, आणि वेग तेवढाच राहिला. आणखी दाबले. दांडे हँडलपर्यंत आले. त्या क्षणी मी घाबरले, हे लिहिते, कारण नाहीतर तुम्हाला वाटेल की आजी शूर आहे. समोर वळण होतं, आणि वळणाच्या पलीकडचं दिसत नव्हतं. डाव्या कडेला सफाईवाल्या बाईंनी झाडून ठेवलेल्या पानांचा मोठा ढीग होता. मी सायकल त्यात घातली. चाक रुतलं, मी आडवी झाले, आणि कोपर आणि गुडघा दगडावर घासले.

सफाईच्या बाई झाडू टाकून धावत आल्या.

"आजी! हलू नका. कुठे लागलं?"

"कोपराला. तुमचा ढीग विस्कटला."

"ढिगाचं मरू द्या. ब्रेक का नाय मारला?"

"मारला. लागला नाही."

"एवढी नवी गाडी? कंपनीला धरा तुम्ही, सोडू नका." त्यांनी मला फुटपाथवर बसवलं आणि आपल्या बाटलीतलं पाणी कोपरावर ओतलं. मग थांबल्या आणि नाक वर केलं. "इथे खोबरं कुठे भाजतंय कोण?"

मलाही वास आला. वास चाकातून येत होता. चकती तापली होती आणि तिच्यावर खोबरेल तेल होतं.

तुमच्या आजोबांच्या गावच्या घरी लोखंडाची प्रत्येक वस्तू तेल लावून ठेवतात. विळी, कोयता, अडकित्ता, दाराची कडी. समुद्राच्या हवेत लोखंडाला गंज चढायला आठवडा पुरतो, आणि तिथे तेल म्हणजे खोबरेलच. आजोबांनी सायकल नुसती पुसली नव्हती. ती लोखंडाची आहे हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून ती टिकावी अशी व्यवस्था केली होती.

मी बाईंचे आभार मानले आणि ढीग परत गोळा करायला लागले, तर त्यांनी मला जवळजवळ हाकललं. सायकल हाताने धरून केम्प्स कॉर्नरला उतरले. तिथे डोक्यावर कॅरियर असलेली एक काळी-पिवळी उभी होती. ड्रायव्हरने माझ्याकडे, सायकलकडे आणि माझ्या फाटलेल्या बाहीकडे पाहिलं. "मॅडम, सायकल पे बैठने का होता है," तो म्हणाला, "सायकल को बिठाने का नहीं." पण त्यानेच ती वर चढवली, सुतळीने बांधली आणि लालबागपर्यंत दर सिग्नलला खिडकीतून हात बाहेर काढून ती आहे ना ते चाचपलं.

लालबाग ते दादर

ज्या दुकानातून सायकल घेतली ते लालबागलाच आहे आणि रविवारी उघडं असतं. दुकान मनीषाबाईंचं आहे. त्यांनी चाक काढलं, पॅडचा वास घेतला आणि विचारलं, "कोण? मिस्टर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे कोकणातली गिऱ्हाइकं. पावसाळ्याआधी एक-दोघं येतातच. खोबरेल असतं. एकदा तर तूप होतं." पॅडमध्ये तेल मुरलं की ते जात नाही, म्हणून त्यांनी नवे पॅड घातले आणि चकती स्पिरिटने पुसली. "ओरडू नका हं त्यांना," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याने तर आमच्या सायकलला कधी फडकं पण मारलं नाही."

लालबागहून दादरला मी सायकलवरूनच आले. ब्रेक आता चांगले लागत होते. रस्ता सपाट होता, आणि मला विचार करायला वेळ होता.

मी पडले होते. ठरल्याप्रमाणे सायकल जाणार होती. का पडले ते सांगितलं तर कदाचित राहिली असती. पण मग आजोबांना कळणार होतं की मलबार हिलच्या उतारावर मला त्यांनीच ढकललं, आणि तेही ज्या दिवशी त्यांनी सायकलला पहिल्यांदा हात लावला त्या दिवशी. न सांगावं तर ते समजणार की मी वयामुळे पडले. ते मला मान्य नव्हतं. परळपर्यंत मी न सांगण्याच्या बाजूने होते. हिंदमात्यापर्यंत माझं मन बदललं, कारण साधं होतं: न सांगितलं तर ते पुढच्या लोखंडी वस्तूलाही तेल लावतील, आणि ती वस्तू कुणाची असेल ते सांगता येत नाही.

आजोबा दुपारी आले. दारातच माझ्या कोपरावरची पट्टी त्यांना दिसली.

"पडलीस?"

"पडले."

ते बसले. पाणी प्यायले. "जास्त लागलं का?"

"नाही. खरचटलंय."

"बरं. मग ठरल्याप्रमाणे."

"ठरल्याप्रमाणे," मी म्हटलं. "पण एक विचारायचं होतं. सकाळी सायकलला तेल लावलंत का?"

"हो. लोखंड आहे ते. चौपाटीची हवा, एका रात्रीत डाग पडतात."

"कुठे कुठे लावलंत?"

"सगळीकडे. त्या चाकातल्या पातळ चकतीला जास्त. ती उघडीच आहे, तिला रंगसुद्धा नाही. पहिली तीच गंजली असती."

"अहो, ब्रेक तीच चकती धरतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. दुकानात जाऊन नवे पॅड घातले आहेत, एवढं मी सांगितलं. थोड्या वेळाने ते उठून खाली गेले. वरून मी पाहिलं, सायकलपाशी उकिडवे बसून ते ब्रेकचा दांडा दाबत होते आणि सोडत होते, दाबत होते आणि सोडत होते. वर आल्यावर हात धुतले. रात्री अर्धीच पोळी खाल्ली. मला वाटलं, सांगायला नको होतं. सायकल विकायची की ठेवायची, याबद्दल दोघंही काही बोललो नाही.

सोमवार

सकाळी ते अंथरुणात नव्हते. गॅलरीतून खाली पाहिलं, तर आमच्या इमारतीचा पार्किंगचा उतार संपतो तिथे, अगदी मधोमध, ते उभे होते. इस्त्रीचा शर्ट, पायात चपला. सायकल त्यांनी उताराच्या वर आणून भिंतीला टेकवून ठेवली होती. रखवालदार खुर्ची सोडून बघत होता.

मी खाली गेले.

"तिथे काय करताय?"

"नवे पॅड घातलेस म्हणालीस ना?"

"घातले."

"लागतात?"

"लागतात."

"मग ये."

"अहो, बाजूला व्हा आधी."

"मी बाजूला होणार नाही. तू ये."

त्यांच्याशी आजवर घातलेल्या वादांवरून मला माहीत आहे की असं बोलल्यावर ते हलत नाहीत. मी ढांग टाकून बसले आणि सायकल सोडली. त्या उतारावर ते आहेत त्यापेक्षा जवळ दिसत होते. मी दोन्ही ब्रेक दाबले. आवाज झाला नाही. पुढचं चाक त्यांच्या चपलांपासून वीतभर अलीकडे थांबलं.

आजोबा हलले नव्हते. डोळेही मिटले नव्हते. त्यांनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वर जा," ते म्हणाले. "आणि आता जरा जोरात ये."